बुशहरचा साहेब: रेसिडेंट की कॉन्सुल?

पहिल्या महायुद्धातल्या इराणवर मराठीत काहीही लिहून आलं की एक वाक्य ठरलेलं: ‘दक्षिण इराणात ब्रिटिशांनी रेसिडेंट बसवून कारभार हाती घेतला.’ वाचणाऱ्याला लगेच पुण्यातला संगमावरचा बंगला दिसतो, एल्फिन्स्टन दिसतो, आणि तिथून पुढचं सगळं चुकत जातं.

संस्थानातला रेसिडेंट आपल्याला नव्याने सांगायला नको. तह, तैनाती फौज, आणि राजा डोईजड झाला की गादीवरून खाली: साताऱ्याचे प्रतापसिंह १८३९ मध्ये, बडोद्याचे मल्हारराव १८७५ मध्ये.

दक्षिण इराणातल्या बुशहर बंदरात रेसिडेंट होता, हे खरंच. १७६३ पासून होता, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. पण त्याची खरी रेसिडेंटगिरी चालायची इराणी आखाताच्या पलीकडच्या काठावर, बहरीन आणि तहांनी बांधलेल्या अरब शेखांवर. इराणच्या जमिनीवर हाच माणूस १८७८ पासून कॉन्सुल जनरल होता, म्हणजे परक्या मुलखात आपल्या प्रजेची बाजू सांभाळणारा सरकारी प्रतिनिधी. खुर्ची एक, नेमणुका दोन, वरिष्ठही दोन: रेसिडेंट म्हणून हिंदुस्थान सरकार, कॉन्सुल म्हणून तेहरानमधला ब्रिटिश राजदूत. व्हाइस कॉन्सुल, कॉन्सुलर एजंट वगैरे नुसत्या पायऱ्या. त्यात डोकं घालू नका. ‘वाणिज्य दूत’ हा सरकारी शब्द तर इथे टाळाच. व्यापारापेक्षा खटले आणि कोठड्याच या माणसाच्या वाट्याला जास्त यायच्या.

अडतं ते एकाच ठिकाणी. कॉन्सुलचा अधिकार माणसांवर होता, मुलखावर नव्हता.

१८२८ च्या तुर्कमानचाय तहाने रशियाने आपल्या प्रजेसाठी वेगळी न्यायव्यवस्था पदरात पाडून घेतली. १८५७ च्या पॅरिस तहातल्या ‘सर्वाधिक सवलतीचं राष्ट्र’ या कलमामुळे तीच सवलत ब्रिटिश प्रजेला, म्हणजे हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनाही मिळाली. इराणच्या बंदर अब्बासमधला शिकारपुरी, म्हणजे सिंधमधल्या शिकारपूरचा सावकार घ्या. त्याचं भांडण दुसऱ्या शिकारपुऱ्याशी असेल तर निवाडा कॉन्सुल स्वतः करणार. पण पैसे एखाद्या इराण्याकडे अडकले असतील तर? आधी प्रश्न हा की तुम्ही ब्रिटिश प्रजा आहात का, त्याचा दाखला आणा. दाखला असला तरी अर्ज जाणार कारगुजाराकडे. हा कॉन्सुलचा कारकून नव्हे (अशी भाषांतरं पाहिली आहेत). हा इराणच्या परराष्ट्र खात्याचा प्रांतातला अधिकारी. सुनावणीला कॉन्सुलचा दुभाष्या बाजूला बसणार. निकाल बाजूने लागला तरी वसुली करणार हाकिम, म्हणजे तेहरानने नेमलेला सुभेदार. तो पेशकश (नजराणा) मोजून आलेला, कधी बदलेल याचा नेम नाही. बदलला की नव्या हाकिमापुढे पुन्हा पहिल्यापासून. कॉन्सुल खलिते लिहील, तेहरानमार्फत दाब आणील. कर्जदाराच्या दुकानाला कुलूप लावायला आपला शिपाई मात्र पाठवू शकणार नाही. निदान कागदावर तरी नाही.

युद्धात हा कागद फाटला, पण कुठे आणि किती, ते मोजून सांगावं लागतं. इराणने १ नोव्हेंबर १९१४ ला तटस्थता जाहीर केली. मार्च १९१५ मध्ये ब्रिटिशांनी बुशहरमधल्या जर्मन कॉन्सुललाच उचललं, तेही परक्या तटस्थ देशात. ८ ऑगस्टला त्यांनी खुद्द बुशहर ताब्यात घेतलं आणि इराणी टपाल तिकिटांवर ‘ब्रिटिश ताब्यातील बुशहर’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारला. तिकिटं जमवणाऱ्यांना ही चांगली ठाऊक आहेत. कारभार आधीपासून कॉन्सुलच्याच हाती असता तर हा शिक्का मारायची गरज काय होती? ऑक्टोबरमध्ये शहर परत इराणकडे गेलं.

लगेच १० नोव्हेंबरला फार्स प्रांताची राजधानी शिराझ इथे उलट प्रकार घडला. स्वीडिश अधिकाऱ्यांनी घडवलेल्या इराणच्याच जांदार्मरीने (सशस्त्र पोलीस दलाने) ब्रिटिश कॉन्सुल ओकॉनर यांना पकडलं आणि इतर ब्रिटिश पुरुषांसह बुशहरजवळच्या तंगिस्तानात अहरमच्या गढीत नेऊन ठेवलं. आता हे खडकीशी ताडून पाहा. ५ नोव्हेंबर १८१७ ला संगमावरचा बंगला जळाला आणि पुढच्या वर्षी पेशवाईच गेली. ओकॉनर नऊ महिने अडकून पडले, ऑगस्ट १९१६ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले, आणि शिराझ इराणचंच राहिलं.

घोटाळ्याला थोडीफार सबब मिळते ती साउथ पर्शिया रायफल्समुळे. मार्च १९१६ मध्ये ब्रिटिश अधिकारी पर्सी साइक्स बंदर अब्बासला उतरले आणि स्थानिक भरती सुरू झाली: अधिकारी ब्रिटिश, शिपाई इराणी, पगार ब्रिटिशांचा. हिला ‘तैनाती फौज’ म्हणायचा मोह आवरा. तैनाती फौजेमागे राजाने मान्य केलेला तह असतो. इथे एका मंत्रिमंडळाने होकार दिला, तर नंतरच्यांनी तो मानायचं नाकारलं. फार्सचा हाकिम फर्मानफर्मा ब्रिटिशांच्या तंत्राने चालत होता, पण तो शहाने नेमलेला होता आणि महसूल शहाच्याच नावाने गोळा होत होता. १९२१ मध्ये ही फौज मोडली.

रेसिडेंट आणि कॉन्सुल या दोन टोप्यांतला फरक सगळ्यात महागात पडला तो मोहम्मराच्या (आजच्या खोर्रमशहरच्या) शेख खजअलला. तो अरब, पण त्याचा मुलूख इराणात. अबादानची तेल शुद्धीकरणाची जागा त्याने १९०९ मध्ये थेट ब्रिटिशांशी बोलणी करून दिली. १९१० मध्ये आणि पुन्हा १९१४ मध्ये त्याला ब्रिटिशांची आश्वासनपत्रंही मिळाली. पलीकडच्या काठावरच्या शेखांसारखेच आपणही, असा त्याने हिशेब केला. १९२५ मध्ये इराणचा तेव्हाचा पंतप्रधान रझा खानच्या लोकांनी त्याला धरून तेहरानला नेलं, तेव्हा पत्रं त्याच्याकडेच होती. ब्रिटिश हलले नाहीत.