जोडनावे

दोन किंवा अधिक शब्द मिळून एकच नाव किंवा आडनाव झाले, की त्याला जोडनाव म्हणतात. शब्दांमध्ये कधी संयोगचिन्ह असते, कधी नुसती मोकळी जागा. फरक किरकोळ दिसतो, पण घोटाळे बहुतेक तिथूनच होतात.

टिम बर्नर्स-ली यांना कोणी नुसते 'ली' म्हणत नाही. आडनाव कुठून सुरू होते ते आडवी रेघच सांगते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या नावात ती नाही. त्यामुळे त्यांचा उल्लेख सर्रास 'मार्केस' असा होतो, वास्तविक त्यांचे आडनाव 'गार्सिया मार्केस' आहे. ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड लॉईड जॉर्ज आयुष्यभर रेघेविना राहिले. १९४५ मध्ये मिळालेल्या सरदारकीच्या किताबात मात्र ती आली.

कोरियन नावांत रेघेचे काम निराळे. बान की-मून यांचे आडनाव बान. 'की-मून' हे पाळण्यातले नाव. तेव्हा त्यांना 'मून' म्हणणे म्हणजे अर्ध्या नावाने हाक मारणे. फ्रेंच 'जाँ-पॉल' हेही एकच नाव, त्यातला 'पॉल' मधले नाव नव्हे. १९७८ मध्ये आधीच्या दोन पोपांची नावे जोडून जॉन पॉल पहिले यांनी पोपपदाच्या इतिहासातले पहिले जोडनाव घेतले.

आडनावे जोडण्याचे नेहमीचे निमित्त म्हणजे लग्न. इरेन क्युरी आणि फ्रेदेरिक जोलिओ १९२६ मध्ये विवाहबद्ध झाले आणि दोघेही जोलिओ-क्युरी म्हणून ओळखले जाऊ लागले. प्रश्न येतो पुढच्या पिढीत: दोनाची चार, चाराची आठ! स्पॅनिश पद्धतीने हा गुंता आधीच सोडवला आहे. आई आणि वडील यांचे प्रत्येकी एकच आडनाव मुलाकडे जाते. स्पेनमध्ये २०१७ पासून वडिलांचे आपोआप पहिले लागत नाही, क्रम पालक ठरवतात. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तीन पदी वैवाहिक आडनावांवरची बंदी कायम ठेवली. मे २०२५ पासून तिथे दांपत्याला दोन पदी सामाईक आडनाव घेता येते, रेघेसह किंवा रेघेविना.

यंत्राला मात्र रेघ दिसतच नाही. पासपोर्टच्या माहितीपानावर तळाशी ४४ जागांच्या दोन ओळी असतात. त्यांतल्या ३९ जागा नावाच्या. तिथे संयोगचिन्ह आणि मोकळी जागा या दोन्हींसाठी एकच कोनी खूण (<) उमटते. आडनाव संपल्यावर ती दोनदा येते, म्हणजे सीमारेषा शाबूत राहते. (इथे यंत्र माणसापेक्षा चोख निघते.) विमानाच्या तिकिटावर बऱ्याचदा दोन्ही शब्द सलग चिकटून छापले जातात. ऑनलाइन अर्जांचे तर विचारूच नका: काही अर्ज रेघेला 'अवैध अक्षर' ठरवतात, काही दुसरा शब्द मधल्या नावाच्या रकान्यात ढकलतात. मग एकाच माणसाच्या रेघेसह, रेघेविना आणि अर्ध्या आडनावाच्या अशा तीन वेगळ्या नोंदी तयार होतात, आणि त्या एकाच व्यक्तीच्या आहेत हे कागदपत्रांनिशी पटवण्याचे काम त्या माणसावरच पडते.