कथकचं चित्रण: अंधाऱ्या रंगमंचावर कॅमेऱ्याला काय दिसतं

नाट्यगृहात बसून मोबाइलवर कथकचं चित्रण केलेल्या बहुतेकांच्या हाती सारखंच काहीतरी लागतं. नर्तकी झोतात आली की चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग दिसतो, आणि मागचा काळाभोर पडदा राखाडी होऊन त्यावर मुंग्या धावू लागतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याला जे शिकवलंय तेच तो करत असतो.

समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडीच्या आसपास असेल, असं गृहीत धरून कॅमेरा उजेड मोजतो. अंगणात, रस्त्यावर हे जमून जातं. रंगमंचावर चौकटीचा मोठा भाग पडद्याने व्यापलेला असतो, त्यामुळे सरासरी खाली जाते, कॅमेरा सगळंच दृश्य उजळवतो आणि मुळातच उजळ असलेला चेहरा जळतो. जळलेल्या भागातून नंतर काही परत मिळत नाही, कारण सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरच्या पिक्सेलची विद्युतभार साठवण्याची मर्यादा संपली की पुढे येणाऱ्या प्रकाशाची नोंदच होत नाही. सावलीत निदान थोडी माहिती शिल्लक असते. म्हणून उजेड चेहऱ्यावर मोजावा. बऱ्याच फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. पडदा काळा पडेल, तर पडू द्यावा. तो काळा दिसावा हे प्रकाशयोजनाकाराने विचार करून ठरवलेलं असतं, आणि त्याचा अंधार उजळवून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

डोळ्यांना मात्र चेहरा आणि पडद्याची चुणी दोन्ही कशी दिसतात? बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे उजेड फार तर बारा-सोळा पट वाढतो. उरलेलं काम दृष्टिपटल करतं. नजर क्षणाक्षणाला जागा बदलते, जिथे पडते तिथल्या उजेडाशी जुळवून घेते, आणि या तुकड्यांतून मेंदू एक अखंड रंगमंच उभा करतो. कॅमेऱ्याला प्रत्येक चौकटीसाठी एकच मोजमाप निवडावं लागतं.

मुंग्यांचं मूळ थेट भौतिकशास्त्रात आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे फोटॉन एकसारख्या अंतराने येत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर त्यात वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १०० चा चढउतार होतो. ही तफावत फक्त १ टक्का. फोटॉन १०० च असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. शेजारशेजारचे पिक्सेल असे कमीजास्त उजळले की आपल्याला मुंग्या दिसतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवल्याने नवा प्रकाश येत नाही, आलेल्याच संदेशाची पट्टी वर चढते आणि तफावतही सोबत चढते. फोनचा नाइट मोड अनेक छायाचित्रं एकावर एक रचून ही तफावत पुसतो, पण त्यासाठी समोरचा विषय स्थिर लागतो. नर्तकी थांबत नाही.

आता चक्करांचा, म्हणजे कथकमधल्या गिरक्यांचा हिशेब करू. सेकंदाला एक चक्कर आणि हात अक्षापासून ७० सेंटिमीटर लांब धरला, तर हाताचा वेग सेकंदाला जवळपास ४.४ मीटर होतो. शटर १/५० सेकंद उघडं असेल तेवढ्यात हात ९ सेंटिमीटर पुढे सरकतो. आठ मीटर रुंदीचा रंगमंच १९२० पिक्सेलमध्ये मावत असेल, तर हा फराटा वीसेक पिक्सेलचा झाला. १/२०० वर तो पाव होतो, पण प्रकाशही पाव होतो आणि मुंग्यांची तफावत दुप्पट. माझं मत विचाराल तर चक्करांना १/५० च ठेवावं. घेराचं वर्तुळ प्रेक्षकालाही विरघळलेलंच दिसतं, त्यात नृत्याचं सौंदर्य आहे. शिवाय तिहाई (एकच बोल तीनदा) घेऊन नर्तकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तेव्हा ती क्षणभर स्तब्ध असते आणि त्याच १/५० वर तिची मुद्रा रेखीव उमटते. ठुमरीवरच्या भावाला तर एवढं शटर पुरून उरतं. तत्कारात, म्हणजे पदन्यासात, पायांवर कॅमेरा नेलात तर मात्र १/१०० करावं.

हे दोन आकडे आणखी एका कारणाने सोयीचे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर थेट चालणारे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; १/५० आणि १/१०० मध्ये ही लुकलुक पूर्ण आवर्तनांत मावते. १/६० वर ती अर्धवट कापली जाते आणि चित्रात पट्टे सरकू लागतात. मंद केलेले काही एलईडी याहून कितीतरी वेगाने चालू-बंद होतात. त्यांचे पट्टे शटर जलद केलं की उमटतात, कारण सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात.

सगळ्यात जास्त घात करतो तो निळा एलईडी. बहुतेक सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे असतात. निव्वळ निळ्या उजेडात जवळजवळ तेवढ्या पाव भागावरच सगळी भिस्त पडते आणि बारकावे हरवतात. त्यात उजळपणा मोजण्याच्या प्रचलित एचडी सूत्रात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के. मापकाला दृश्य अंधारं वाटतं, तो उजेड चढवतो, आणि निळे पिक्सेल केव्हाच भरून वाहू लागलेले असतात. नाक, गाल, भुवई सगळं एका सपाट निळ्या ठिगळात जातं. डोळ्यांतून बोलणाऱ्या नृत्यात ही हानी मोठी आहे. अशा वेळी तिन्ही रंगांचे उजळपणाचे आलेख वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्राम पाहावा आणि निळा उजव्या भिंतीला, म्हणजे सर्वांत उजळ टोकाला, टेकू देऊ नये.

लेन्सचं छिद्र मोठं केलं की प्रकाश वाढतो (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), एफ ५.६ वरून एफ २.८ वर आलं तर चौपट. पण किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटरची लेन्स एफ २.८ ला असेल आणि नर्तकी १० मीटरवर, तर सुमारे साडेतीन मीटरचा पट्टा स्पष्ट दिसतो. २०० मिलिमीटरवर तोच पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटरचा उरतो. नर्तकी एक पाऊल पुढे आली की चेहरा धूसर. म्हणून एकट्याने चित्रण करताना फार जवळ जाण्याचा मोह आवरावा.

आणि तालमीला जावंच. कोणत्या तुकड्याला निव्वळ निळा आहे, हे तिथे कळतं. प्रकाशयोजनाकाराला विनंती केली तर त्या निळ्यात समोरून थोडा पांढरा मिसळता येतो. प्रेक्षागृहात वातावरण फारसं बदलत नाही आणि हिरव्या-लाल पिक्सेलनाही चेहरा दिसू लागतो.