डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालय

मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. ते भायखळ्याला राणीच्या बागेच्या, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या आवारात आहे. २ मे १८७२ रोजी ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांना खुले झाले. सध्याचे नाव १९७५ मध्ये मिळाले. मालकी मुंबई महानगरपालिकेची.

संग्रहाची सुरुवात मात्र कोटातली, म्हणजे आताच्या फोर्ट भागातली. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वस्तू जमवल्या गेल्या, त्यांचे जादा नमुने टाउन बरॅक्समध्ये मांडले होते. १८५७चा उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली आणि संग्रह सरळ बाहेर फेकला गेला. वाचले तेवढे संग्रहाचे क्युरेटर जॉर्ज बर्डवुड यांनी टाउन हॉलमध्ये नेले. नव्या इमारतीसाठी नेमलेल्या समितीचे चिटणीस होते बर्डवुड आणि मूळचे गोव्यातील, पेडण्याजवळच्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी. जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून अशा धनिकांचा हातभार होता. पायाभरणी १८६२ मध्ये झाली, पण उद्घाटनाला दहा वर्षे लागली. भाऊ दाजींनी ते पाहिले. १८७४ मध्ये ते वारले.

बाहेरून इमारत तशी संयत. आत शिरले की बिडाचे नक्षीदार खांब, सोनेरी मुलामा, रंगीत फरशा आणि मधोमध राजपुत्र अल्बर्टचा संगमरवरी पुतळा असा व्हिक्टोरियन थाट दिसतो. खरी गंमत वरच्या मजल्यावर आहे. तिथे मातीच्या लहान बाहुल्यांमधून जुन्या मुंबईची माणसे भेटतात: नाना जातीजमातींचे, धंद्यांचे लोक, त्यांचे पोशाख आणि पागोट्यांचे प्रकार. माणसांना जातीधंद्यांनुसार कपाटात लावणारी नजर वसाहतकाळाची आहे, हे विसरून चालत नाही. तरी पागोटे नेमके कसे बांधत, हे इथल्याइतके जवळून क्वचितच पाहायला मिळते. जोडीला गलबतांच्या प्रतिकृती, शहराचे नकाशे आणि हस्तिदंती, चांदीच्या व बिदरी कामाच्या वस्तू आहेत.

आवारातला दगडी हत्ती घारापुरीचा. बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यामुळे पडले, तोच हा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत यारी (क्रेन) मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जुळवून १९१४ मध्ये तो पुन्हा उभा केला गेला. जवळच ससूनने दिलेला घड्याळाचा मनोरा आहे. फोर्टातल्या चौकाला नाव देऊन गेलेला मूळ ‘काळा घोडा’ही, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये याच बागेत आला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तूची पार रया गेली होती. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. तेव्हापासून हे समकालीन कलेचेही केंद्र झाले आहे. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया या मुंबईकर कलावंतांनी जुन्या कपाटांच्या सान्निध्यात आपले काम मांडले.