सीटखालचे सहा डबे

गोल्फ कार्टची, म्हणजे गोल्फच्या मैदानावर फिरायच्या विजेवरच्या छोट्या गाडीची, सीट उचलली की खाली बॅटऱ्यांचे डबे दाटीवाटीने बसवलेले दिसतात. बहुतेक गाड्यांत सहा. जाड वायरींनी एकमेकांना जोडलेले, आणि कुणी लक्ष देत नसेल तर टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली. गाडी जुन्या धाटणीची असेल तर प्रत्येक डबा 6 व्होल्टचा, एकूण 36. नंतरची असेल तर 8 व्होल्टचा, एकूण 48. बॅटऱ्या बदलायची वेळ आली की कुठल्या घ्यायच्या हा प्रश्न पडतोच. त्याचं निम्मं उत्तर सत्तर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात ठरून गेलं आहे.

शिसं-ॲसिडची बॅटरी त्याहून कितीतरी जुनी. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी ती 1859 मध्ये तयार केली. गोल्फच्या मैदानावर मात्र ती फार उशिरा पोचली. 1930 च्या दशकातले एक-दोन प्रयत्न रुजले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पेट्रोल रेशनवर गेलं, तेव्हा विजेवरच्या छोट्या गाड्यांना जरा बरे दिवस आले. त्या कामाचा अनुभव गाठीशी असलेल्या लाँग बीचच्या मर्ल विल्यम्स यांच्या मार्केटियर कंपनीने 1951 मध्ये गोल्फ कार्ट बनवायला घेतली. 1954 मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे ई-झी-गो सुरू झाली, आणि मग रांगच लागली.

खरी अडचण बॅटरीची होती. मोटारीच्या बॅटरीचं काम स्टार्टर फिरवण्यापुरतं, काही सेकंदांचं. त्यासाठी तिच्यात पातळ पातळ प्लेटा पुष्कळ घालतात. गोल्फ कार्टला चार-पाच तास हळूहळू वीज लागते आणि रात्री पुन्हा चार्जिंग. असं रोज झालं की पातळ प्लेटांवरचा लेप गळून तळाशी गाळ साचतो. ट्रोजन ही कॅलिफोर्नियाची कंपनी 1925 पासूनची. तिने 1952 मध्ये ऑटोएट नावाच्या तीनचाकी विजेच्या गाडीच्या निमित्ताने जाड प्लेटांची बॅटरी काढली, आणि तिथून गोल्फ कार्टची बॅटरी ही वेगळी जात झाली. 6 व्होल्टचाच डबा का, तर त्या काळी अमेरिकी मोटारीही बहुतेक 6 व्होल्टच्याच होत्या. शिवाय असा डबा भरतो साधारण 28 किलो, म्हणजे एका माणसाला कसाबसा उचलता येतो. आजही स्वस्तात मिळते म्हणून कार्टमध्ये मोटारीची बॅटरी टाकणारे भेटतात. ती लवकरच खराब होते.

मग 48 व्होल्ट म्हणजे जास्त वीज का? हिशेब करून पाहा. ट्रोजनची 6 व्होल्टची टी-105 धरते 225 ॲम्पियर-अवर. तसे सहा डबे म्हणजे 8.1 युनिट. 8 व्होल्टची टी-875 धरते 170. तिचे सहा डबे म्हणजे 8.16 युनिट. जवळपास तेवढंच शिसं आणि तेवढीच वीज. तेवढ्याच आकाराच्या डब्यात तीनऐवजी चार सेल (2-2 व्होल्टचे कप्पे) कोंबलेले, एवढाच फरक. फायदा झाला तो वायरींचा आणि मोटरचा: तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो, वायरी कमी तापतात.

देखभालीचे नियम आपल्याकडे निराळे सांगायला नकोत. लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतलं आहे, त्यांना निम्मे पाठ आहेत. पाणी चार्जिंग झाल्यावर टाकायचं, आधी नाही. चार्ज होताना पातळी वाढते आणि ॲसिड वर येऊन टर्मिनल खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं पाणी आधीच घालावं. वरून ॲसिड कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणी. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, 1.27-1.28 दाखवतो. 1.19 च्या आसपास आला की निम्मी संपली असं समजून चार्जिंगला लावावी. तशीच पडू दिली तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते सहजी विरघळत नाहीत. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाड्या मरतात त्या बहुधा यानेच. सहापैकी एकच डबा बदलण्याची काटकसरही अंगाशी येते. सगळे एका माळेत असल्यामुळे जुने पाच लवकर रिकामे होतात, आणि चार्जर नव्या-जुन्यांना एकाच मापाने भरतो.

पाण्याची कटकट नको म्हणून जेल आणि एजीएम बॅटऱ्या आल्या, म्हणजे ॲसिड घट्ट केलेल्या किंवा काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेल्या बंद बॅटऱ्या. खरा फरक पडला तो लिथियम आयर्न फॉस्फेटने. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी या संशोधकांनी 1997 मध्ये हे रसायन मांडलं. बॅटरीचं वजन त्याने निम्म्याहून कमी झालं आणि पाणी टाकणं संपलं. पहिला खर्च मात्र जड. याचा एक सेल 3.2 व्होल्टचा, सोळा मिळून 51.2. म्हणून 48 च्या गाडीसाठी 51.2 लिहिलेला पॅक आला तर दचकू नये. शिशाचे सहा डबे पूर्ण भरल्यावर तेही 51 च्या जवळपासच दाखवतात. जुना चार्जर मात्र त्याला तसाच लावू नये.