एक्सल एक मूठ पुढे: मापाची व्हीलचेअर काय करते

दवाखान्याच्या पोर्चमध्ये उभी असते ती व्हीलचेअर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. चकचकीत स्टीलची नळी, निळ्या किंवा काळ्या रेक्झिनची बैठक, मागे ढकलायला दोन मुठी, वजन सतरा-अठरा किलो. पेशंटला ओपीडीतून एक्स-रेपर्यंत न्यायचं एवढंच तिचं काम, आणि ते ती नीट करते. बसणारा पंधरा मिनिटं बसतो, ढकलणारा दुसराच असतो, आणि दिवसभरात तिच्यावर किडकिडीत पोरंही बसतात नि शंभर किलोचे काकाही. म्हणून बैठक अठरा इंच रुंद, सगळ्यांना सामावून घेणारी.

घोटाळा पुढे होतो. अपघातात मणक्याला मार लागून पायातली ताकद गेलेला बाविशीतला मुलगा घरी यायचा असतो आणि घरचे घाईघाईत दुकानातून हीच खुर्ची उचलून आणतात. आता त्याला रोज बारा-चौदा तास तीत काढायचे आहेत, स्वतःच्या हातांनी ती चालवायची आहे, कॉलेजला जायचं आहे. महिनाभरात घरात ठरून जातं की याला काही ती चालवणं जमत नाही, कुणीतरी ढकलायला हवंच. शेजाऱ्याची सायकल तासभर मागून आणली तरी आपण आधी तिची सीट खालीवर करून बघतो. दिवसभराच्या खुर्चीला मात्र पाना लावायचं कुणाच्या मनात येत नाही.

पाना लावायचाच, तर पहिली जागा मोठ्या चाकाच्या एक्सलची, म्हणजे ज्या दांड्यावर चाक फिरतं त्याची. दवाखान्याच्या खुर्चीत एक्सल पाठीच्या नळीच्या बरोबर खाली असतो. बसणाऱ्याचा गुरुत्वमध्य त्याच्या बराच पुढे पडतो आणि एकूण भारापैकी चाळीसेक टक्के पुढच्या छोट्या चाकांवर जातो. सक्रिय वापरासाठी बनवलेल्या खुर्चीत हाच एक्सल पुढे सरकवता येतो. आठ-दहा सेंटिमीटर, म्हणजे एक मूठभर पुढे घेतला की छोट्या चाकांवरचा भार चाळीसवरून पंचवीस टक्क्यांच्या आसपास येतो. माणूस तोच, खुर्ची तीच. पण आता तो मोठ्या चाकांवर बसलेला असतो.

याचा फायदा बघायला लांब जायला नको, घरातला कडप्प्याचा उंबरठा पुरे. चाक अडथळ्यावर चढताना त्याच्या त्रिज्येला फार महत्त्व असतं. साडेबारा सेंटिमीटर व्यासाचं छोटं चाक दोन सेंटिमीटर उंच उंबरठ्याला टेकलं असेल, तर धाव न घेता ते वर चढवायला त्याच्यावर जितका भार आहे जवळपास तितकाच आडवा जोर लागतो. साठ सेंटिमीटरच्या मोठ्या चाकाला त्याच उंबरठ्यावर भाराच्या चाळीस टक्क्यांहून कमी जोर पुरतो. माणूस आणि खुर्ची मिळून ऐंशी किलो धरा. पहिल्या मांडणीत छोट्या चाकांवर बत्तीस किलो आहेत, म्हणजे चौतीस-पस्तीस किलोचा धक्का हवा. एक्सल पुढे घेतल्यावर छोट्या चाकांवर वीस किलो उरतात आणि एकवीस-बावीस किलोचा धक्का पुरतो. शिवाय पुढचा भाग हलका झाल्यामुळे एक कसब शिकता येतं: चाकाला झटका देऊन पुढची चाकं क्षणभर हवेत उचलायची. याला व्हीली म्हणतात. व्हीली जमली की छोट्या चाकांना उंबरठा लागतच नाही, आणि मेट्रोच्या फलाटाची नि डब्याची फटही ती न अडकता ओलांडतात.

हे फुकट मिळत नाही. एक्सल जितका पुढे, तितकी खुर्ची मागे कलंडायला सोपी. म्हणून सुरुवातीला मागे दोन छोटी आधारचाकं लावतात, एक्सल थोडाथोडा पुढे घेतात आणि व्हीली शिकवताना मागे माणूस उभा ठेवतात. ज्याचा धडावरही ताबा नाही, त्याच्यासाठी एक्सल थोडा मागेच बरा. इथे सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नसतो.

आता खांदा. खांद्याचा सांधा हात चहूकडे फिरावा म्हणून घडलेला आहे, त्याची खोबण उथळ आहे. सगळ्या शरीराला दिवसभर हलवायचं काम त्याच्यावर येऊन पडतं तेव्हा तो कुरकुरतो. हाताने खुर्ची चालवणाऱ्यांमध्ये खांदेदुखीचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत तीस ते सत्तर टक्के आढळलं आहे. हिशोब करून बघा. मोठ्या चाकाचा परीघ जेमतेम एकोणीसशे मिलिमीटर. एका ढकलण्यात मीटरभर अंतर कापलं जातं असं धरलं तर एका किलोमीटरला हजार वेळा ढकलावं लागतं. घर, ऑफिस, बाजार मिळून दिवसाला दीड-दोन किलोमीटर सहज होतात. वर पलंगावरून खुर्चीत नि खुर्चीतून कमोडवर उचलून बसणं वेगळं, तेही याच खांद्यांवर.

म्हणून ढकलण्याची संख्या कमी करायची आणि प्रत्येक ढकलणं लांब, संथ ठेवायचं. पण लांब हात मारायला रिमचा, म्हणजे मोठ्या चाकाला बाहेरून लावलेल्या हाताने ढकलायच्या कडीचा, मोठा भाग हाताच्या टप्प्यात हवा, आणि तो येतो की नाही हे पुन्हा मापावर ठरतं. सरळ बसून हात रिमच्या सगळ्यात वरच्या बिंदूवर ठेवला की कोपरात १०० ते १२० अंशांचा कोन व्हायला हवा. बैठक फार खाली असली तर खांदे उचकून कानाशी येतात. फार वर असली तर हात रिमच्या माथ्यालाच कसाबसा पोचतो आणि माणूस तुटक-तुटक थापा मारत राहतो. रुंद खुर्चीत हात पंखांसारखे फाकतात. या स्थितीत जोर लावला की खांद्याच्या वरच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटली जाते, आणि दुखणं तिथून सुरू होतं. पाठीचा आधारही सक्रिय माणसाला उंच नको. तो खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या चपट्या हाडाच्या, खालच्या टोकाच्या खाली संपला तर हात मागे नेऊन ढकलायला मोकळीक मिळते. घरच्यांना मात्र उंच पाठ जास्त आरामाची वाटते, आणि दुकानात निर्णय बहुधा घरच्यांचाच असतो.

रुंदीचा दुसरा हिशोब आपल्या घरांशी आहे. खुर्चीची एकूण रुंदी म्हणजे बैठकीची रुंदी अधिक साधारण वीस सेंटिमीटर. अठरा इंची बैठकीची खुर्ची पासष्ट-सहासष्ट सेंटिमीटर होते, सोळा इंचीची साठेक. नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या घरात किंवा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार उघडून टेप लावा, मधली मोकळी जागा अनेकदा साठ-पासष्टच्या मध्ये भरते. माझ्या मते सगळ्या विषयात याच दोन इंचांचं मोल सर्वात जास्त आहे. या दोन इंचांवर माणूस अंघोळीला एकटा जाणार की आईला हाक मारणार हे ठरतं. एप्रिलपासून नागपूरच्या घराघरात कूलर येऊन बसतो आणि बोळकंडी आणखी आवळते, ते वेगळंच. म्हणून माप कमरेचं घ्यायचं, कूलर लागल्यानंतरच्या वाटेचंही घ्यायचं. चाकं खालून फाकवून लावली तर खुर्ची झपकन वळते आणि आडवी डगमगत नाही, पण दर अंशाला एक-दोन सेंटिमीटर रुंदी वाढते. बास्केटबॉलच्या खुर्चीत पंधरा-वीस अंश शोभतात, घरात दोन-तीन पुरे.

घडीच्या खुर्चीचा इतिहास खाणीतल्या एका अपघातापाशी जातो, आणि कोळसा-मँगनीजच्या या मुलखात तो सांगायलाच हवा. हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकन खाण अभियंता १९१८ मध्ये खाणीतल्या अपघातात जायबंदी झाला. त्या काळच्या अवजड खुर्च्या मोटारीत मावत नव्हत्या. त्याने आणि हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राने १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, खाली फुलीसारखी कैची असलेली घडीची खुर्ची काढली. आपल्या पोर्चमधली खुर्ची तिचीच वंशज. पुढची मोठी उडी १९७८ नंतरची. मॅरिलिन हॅमिल्टन हिच्या पायातली ताकद हँग ग्लायडरच्या अपघातात गेली, आणि तिने ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांकडून त्याच अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी खुर्ची करून घेतली. दोन्ही वेळा खुर्ची बदलली ती बसणाऱ्याने. भारतातही आता मापाप्रमाणे बनणाऱ्या खुर्च्या मिळू लागल्या आहेत. आयआयटी मद्रासने २०२५ मध्ये अवघ्या नऊ किलोची एकसंध सांगाड्याची खुर्ची पुढे आणली.

वजनाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण दुकानात सगळी बोलणी त्यावरच होतात. सपाट फरशीवर वजनाचा वाटा वाटतो तितका मोठा नाही. अठराऐवजी दहा किलोची खुर्ची घेतली तर ऐंशीच्या एकूण भारातले आठ किलो कमी झाले, म्हणजे दहा टक्के. टायरमध्ये हवा अर्धी असेल किंवा एक्सल चुकीचा असेल तर ते दहा टक्के सहज गिळले जातात. हलकेपणा खरा कळतो खुर्ची ऑटोत टाकताना, मोटारीच्या शेजारच्या सीटवर ओढून घेताना आणि चढावर.

चढाचं गणित सोपं आहे. बारास एक, म्हणजे बारा फूट लांबीत एक फूट उंची, हा रॅम्पचा मान्य उतार. त्यावर ऐंशी किलोला धरून ठेवायलाच साडेसहा किलोंचा जोर लागतो. सहास एक केला की तो तेरा किलो. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले तसे अनेक वस्त्यांत रस्ता वर गेला आणि फाटक खाली राहिलं. मग फाटकापाशी मिळेल तेवढ्या जागेत उभट रॅम्प टाकला जातो, स्कूटर निघते, खुर्ची निघत नाही. अशा चढावर, पुढे घेतलेल्या एक्सलची खुर्ची मागे उलटू शकते, म्हणून चढताना अंग पुढे झुकवायचं असतं. फूटपाथच्या गट्टूंवर छोटी चाकं खडखडतात आणि फटीत अडकतात. तिथे थोडी मोठी, मऊ पुढची चाकं बरी, जरी घरात ती वळायला जास्त जागा खात असली तरी. खापरी ते बर्डी मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली, स्टेशनांवर लिफ्ट आहेत. अडचण असते ती घर ते लिफ्ट या तुकड्याची.

आता बैठकीबद्दल, कारण इथे चूक झाली तर माणूस महिनोन्‌महिने पलंगावर जातो. रेक्झिनची बैठक काही महिन्यांत झोळीसारखी लोंबते. गुडघे आत येतात, कंबर एका बाजूला कलते, पाठीचा बाक होतो आणि अंग पुढे घसरून सगळा भार माकडहाडावर येतो. संवेदना नसलेल्या माणसाला ते टोचत नाही. तुम्ही-आम्ही सिनेमा बघतानाही नकळत बूड हलवत असतो. त्याला हा इशारा मिळत नाही, आणि दाबाखालच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबून राहतात. काही तासांत आत जखम सुरू होऊ शकते, वर दिसायला उशीर लागतो. म्हणून खाली टणक तळ आणि त्यावर चांगली गादी हवी, मग ती फोमची असो, जेलची की हवेच्या कप्प्यांची. अर्ध्या तासाच्या आत एकदा पुढे किंवा बाजूला झुकून भार उतरवायचा. दोन-चार सेकंद उचलून उपयोग नाही, रक्त पुन्हा नीट भरायला दोनेक मिनिटं लागतात. पाय ठेवायची पट्टी फार वर असली तर मांड्या उचलल्या जातात आणि मांडीवर पसरायचा भार बैठकीच्या दोन हाडांवर गोळा होतो, म्हणून तिची उंचीही मोजायचीच. आणि गादी खुर्ची ठरवतानाच ठरवायची. नंतर चार इंच जाड गादी आणली की बैठक उंच होते, कोपराचा कोन बिघडतो, पाय लोंबतात, आणि घेतलेली सगळी मापं वाया.

नागपूरच्या उन्हाची भर यात वेगळी धरावी लागते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल तर खालच्या अंगाला घाम जवळपास येत नाही, आणि रक्तवाहिन्याही गरजेप्रमाणे पसरत नाहीत. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की अशा माणसाच्या शरीराचं तापमान हवेबरोबर चढू लागतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पाण्याची फवारणी करायची बाटली आणि ओला दुपट्टा ही त्याच्यासाठी खुर्चीच्या जोडीची साधनं आहेत. धातूची रिम उन्हात हाताला चटका देते, तिथे रबरी आवरण किंवा हातमोजे लागतात. उन्हात उभ्या राहिलेल्या खुर्चीची काळी गादी आणि पट्ट्याचं बक्कल मांडीला भाजतं, आणि भाजल्याचं कळतही नाही. बसण्याआधी हाताची पालथी बाजू लावून बघायची. हवेच्या गादीत सकाळच्या गारव्यात हवा भरली तर तिचा दाब दुपारी वाढतो, तोही तपासावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये हाताने चालवायच्या खुर्च्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्या आठ पायऱ्यांत खुर्ची ताब्यात मिळणं हा शेवट नाही. अंगावर बसवून बघणं ही सहावी पायरी, वापर शिकवणं सातवी, आणि दुरुस्ती नि फेरतपासणी आठवी. आपल्याकडे अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची साधनं शिबिरांतून मिळतात. शिबिराला जा किंवा दुकानात, चार मापं चिठ्ठीवर लिहून न्या: बसल्यावर कमरेची सगळ्यात जास्त रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं अंतर, गुडघ्यामागून टाचेपर्यंतची उंची, आणि बैठकीपासून खवाट्याच्या खालच्या टोकापर्यंतची उंची. मांडीच्या मापातून दोन बोटं वजा करा, नाहीतर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते. दुकानदाराला विचारा की एक्सलला पुढे-मागे भोकं आहेत का. पहिल्या महिन्यात एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन-तीन दिवस वापरून बघा, रोज रात्री आरशात कातडी तपासा, आणि तांबूस डाग अर्ध्या तासात गेला नाही तर गादी बदलेपर्यंत त्या जागेवर बसू नका.