वैद्यकीय निष्काळजीपणा : गुन्ह्याचे माप आणि भरपाईचे माप वेगळे कसे झाले

उपचारात चूक होऊन रुग्ण दगावला किंवा कायमचा अधू झाला, की नातेवाईक पोलीस ठाणे, ग्राहक आयोग आणि राज्याची वैद्यकीय परिषद अशा तिन्ही ठिकाणी एकच अर्ज देतात. घटना एकच असली तरी ती तोलण्याचे माप प्रत्येक ठिकाणी निराळे आहे. पोलिसांकडे तक्रार टिकली नाही म्हणजे भरपाईचा हक्कही गेला, असे समजून कितीतरी कुटुंबे ग्राहक आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदत घालवून बसतात.

दिवाणी जबाबदारीचा पाया घालणारा निकाल १९६८ चा, आणि तो महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले गेले. तिथे पुरेशी भूल न देता आणि अवाजवी जोर लावून हाड बसवण्यात आले. शॉक बसून तो दगावला. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवताना डॉक्टरने कुठे कुठे काळजी घ्यायची ते सांगितले : रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष देताना. दुसरे प्रकरण औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातले. १९६३ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेत बाईच्या पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचा कापडी बोळा, राहिला आणि ती गेली. दिवाणी न्यायालयाने मंजूर केलेले ३६,००० रुपये उच्च न्यायालयाने नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मंजूर केले, ते १९९६ मध्ये. दिवाणी दाव्याची वाट किती लांबची होती, हे कळायला ही ३३ वर्षे पुरेशी आहेत.

म्हणून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर १९९५ चा निकाल महत्त्वाचा. पैसे घेऊन दिलेला उपचार ही ‘सेवा’ आहे, असे त्यात ठरले. सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये वगळली गेली आणि नुसत्या नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही. पण काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयात मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. बिल विमा कंपनीने किंवा रुग्ण जिथे नोकरी करतो त्या मालकाने भरले, तरी हक्क जात नाही.

खरा गुंता झाला तो ऑगस्ट २००५ च्या निकालानंतर, आणि आजही बहुतेक गैरसमज तिथूनच येतात. प्रकरण लुधियानाचे, १९९५ मधले. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला श्वास घेता येईना. डॉक्टर यायला २० ते २५ मिनिटे लागली. प्राणवायूचा सिलिंडर लावला तर तो रिकामा. खोलीत दुसरा नव्हता. शेजारच्या खोलीतून आणलेला चालू करण्याची सोय नव्हती. त्यात आणखी ५ ते ७ मिनिटे गेली आणि रुग्ण गेला. डॉक्टरांवर भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. सिलिंडर नसणे किंवा रिकामा असणे यासाठी रुग्णालय कदाचित दिवाणी कायद्यात जबाबदार धरता येईल, पण या डॉक्टरांवर फौजदारी खटला चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

त्या निकालाचा गाभा असा. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक किंवा निर्णयातली गफलत पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. कलमात ‘घोर’ हा शब्द नाही, तो वाचावा असे न्यायालयाने ठरवले. सोबत न्यायालये आणि पोलिसांसाठी बंधने आली. न्यायालयाने थेट आलेली खासगी तक्रार घ्यायची तर दुसऱ्या सक्षम डॉक्टरचा प्रथमदर्शनी विश्वासार्ह अभिप्राय हवा. तपास अधिकाऱ्याने पुढे जाण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या आणि त्याच शाखेच्या डॉक्टरचे मत घ्यावे. केवळ आरोप झाला म्हणून अटक करू नये. सरकार नियम करेपर्यंत ही व्यवस्था चालेल, असे म्हटले होते. तात्पुरती म्हणून आलेली ती चाळणी आता कायमच्या दारासारखी उभी आहे.

डॉक्टरांना सूडाच्या तक्रारींपासून संरक्षण हवे, यात वाद नाही. अडचण चाळणीच्या वापरात आहे. पोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीला पत्र पाठवतात, त्यात प्रश्न असतो : ‘निष्काळजीपणा झाला का?’ समिती हाती आलेल्या कागदांवरूनच उत्तर देते. नर्सिंग नोंदी, भुलीचा तक्ता किंवा रक्तपेढीचे मागणीपत्र सोबत नसेल, तर अहवालात ‘उपचार योग्य’ एवढेच येते. रक्तदाब किती वाजता घसरला, वरिष्ठांना केव्हा कळवले, रक्त केव्हा मागवले आणि केव्हा चढवले, असे नेमके प्रश्न लेखी दिले तर समितीलाही नेमके उत्तर द्यावे लागते. शवविच्छेदन झालेले नसेल तर मृत्यूचे कारण रुग्णालयाच्या दाखल्यावरच अडकते आणि अंत्यसंस्कारानंतर ते तपासायला काही उरत नाही.

ही चाळणी २००९ मध्ये ग्राहक मंचांनाही (आताच्या ग्राहक आयोगांना) लावली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की डॉक्टरला नोटीस काढण्याआधी तिथेही तज्ज्ञाचे मत घ्या. २०१० मध्ये दुसऱ्या पीठाने ते बंधनकारक नाही, असे स्पष्ट केले. प्रकरण हिवतापाच्या रुग्णाला विषमज्वराचे उपचार देण्याचे होते. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागत नाही. पोटात मॉप राहण्यासारखी चूक स्वतःच बोलते. तरीही तज्ज्ञाचे मत नाही म्हणून तक्रार दुबळी, हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. त्याला २०१० चा निकाल हे सरळ उत्तर आहे. गुंतागुंतीच्या उपचारात मात्र तज्ज्ञाचे मत जोडलेलेच बरे.

दोन मापांचा फरक कोलकात्याच्या एका प्रकरणात लख्ख दिसतो. त्वचेच्या गंभीर आजारात दीर्घकाळ परिणाम करणारे स्टेरॉइड ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले गेले आणि १९९८ मध्ये रुग्ण दगावली. फौजदारी खटल्यात डॉक्टर सुटले. त्याच घटनेत ग्राहक कायद्याखाली २०१३ मध्ये भरपाईची रक्कम ६ कोटींच्या घरात गेली.

संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल कामाचा आहे. तपासणीसाठी दुर्बीण घालण्याची संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे. जीव वाचवण्याची तातडी नसेल तर भूल उतरल्यावर रुग्णाला विचारायला हवे. कोऱ्या जागा असलेल्या छापील संमतीपत्रावर दाखल होतानाच सही घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याच्या मसुद्यात आरोग्यसेवेचा उल्लेख होता, अंतिम मजकुरातून तो गेला. डॉक्टर आता कायद्याबाहेर, असा प्रचार झाला. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. तक्रारीची मुदत दोन वर्षांचीच आहे. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मात्र आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर उपचारासाठी दिलेल्या रकमेवर ठरते. म्हणजे ५० लाखांपर्यंत बिल असलेला रुग्ण कितीही भरपाई मागत असला तरी जिल्हा आयोगाकडेच जाईल.

यातले काहीही केस पेपरशिवाय चालत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, ‘सर्व कागद’ असे न लिहिता डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग तक्ता, भुलीची नोंद, शस्त्रक्रियेची टिपणे आणि संमतीपत्र अशी यादी द्यावी. डिस्चार्ज कार्ड हा सारांश असतो. त्यावर वेळा क्वचितच असतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यूला इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद. ही सवलत म्हणून मांडली गेली. पण जुन्या कलम ३०४-अ मध्ये कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असा पर्याय होता. नुसत्या दंडावर सुटका होऊ शकत होती. नव्या कलमात कैद आहे आणि सोबत दंडही. ‘घोर’ हा शब्द याही कलमात लिहिलेला नाही.