हरणांच्या शिकारीसाठी पिस्तुलाची काडतुसे : अमेरिकेतील नियम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरने हरणाची शिकार करणाऱ्याला कोणते काडतूस वापरता येईल, हे ठरवणारे राज्यांचे नियम. शिकार हा तिथे मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने साऱ्या देशाला लागू असलेली एकच यादी नाही. राज्याची हद्द ओलांडली की खिशातले काडतूस बेकायदा ठरू शकते. नियम बदलत राहतात. म्हणून प्रत्येक राज्य दर हंगामाला नवी नियमपुस्तिका काढते आणि शिकारी तिच्यावरच विसंबतात. हे नियम प्रामुख्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणाला आणि पश्चिमेकडच्या म्यूल डिअरला लागू होतात.

नियमांमागे दोन चिंता आहेत आणि त्या परस्परविरोधी आहेत. गोळी कमजोर असेल तर हरीण जखमी होऊन पळते आणि रानात कुठेतरी तडफडत मरते. म्हणून किमान ताकदीची अट. उलट ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा या सपाट शेतीच्या प्रदेशात घरे, गोठे आणि रस्ते जवळजवळ असतात. तिथे हुकलेली गोळी फार लांब गेलेली परवडत नाही. त्यामुळे या पट्ट्यात हरणासाठी बराच काळ शॉटगनचाच आग्रह होता, आणि पिस्तुलाला मुभा देतानाही काडतुसाच्या आकारावर बंधने आली. गोळी हरणाला झटक्यात मारील का, हे कायद्याला मोजता येत नाही. मग जे मोजता येते, ते तो मोजतो : गोळीचा व्यास, पुंगळीची (काडतुसातल्या दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याची) लांबी, नळीची लांबी, ऊर्जा. यातला कोणताही निकष मूळ प्रश्नाला नेमका भिडत नाही आणि नियमांतल्या बहुतेक विसंगती तिथूनच निघतात.

व्यासाची अट सर्वांत सोपी. ओहायोत काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरचे (कॅलिबर म्हणजे गोळीचा इंचांतला साधारण व्यास) व सरळ पुंगळीचे हवे आणि पिस्तुलाची नळी किमान ५ इंच हवी. सरळ पुंगळी म्हणजे बुडापासून तोंडापर्यंत साधारण सारख्याच जाडीची. रायफलच्या काडतुसांची पुंगळी सहसा बाटलीसारखी, गळ्याशी निमुळती असते; तिच्यात दारू जास्त मावते आणि गोळी दूर जाते. हा भेद पिस्तुलालाही लागू करावा लागला, कारण १९६३ चे रेमिंग्टन एक्सपी-१०० आणि १९६७ चे थॉम्पसन/सेंटर कंटेंडर या एकबारी पिस्तुलांनी पिस्तूल आणि रायफल यांच्यातली सीमाच पुसट केली. इलिनॉयने तोडगा वेगळा काढला : निमुळत्या पुंगळीचे काडतूस चालेल, पण पुंगळी १.४ इंचांपेक्षा लांब नको.

पुंगळीच्या लांबीचा सर्वांत बोलका नियम इंडियानाचा. तिथे अनेक वर्षे गोळीविना पुंगळी किमान १.१६ इंच लांब असण्याची अट होती. हा आकडा हवेतून आलेला दिसत नाही. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंचांची, म्हणजे पाच सहस्रांश इंचाने ते काडतूस बाद. .४४ स्पेशलची बरोबर १.१६० इंचांची, ते काठावर पास. .३५७ मॅग्नमची १.२९० इंचांची. हे काडतूस १९३५ मध्ये बाजारात आले ते .३८ स्पेशलची पुंगळी लांबवूनच. जुन्या, कमी दाबाच्या रिव्हॉल्वरमध्ये ते चुकूनही बसू नये, हा त्यामागचा हेतू. दोन्हींच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ एकच असल्याने केवळ कॅलिबर पाहणाऱ्या नियमाला त्यांच्यातला फरक दिसत नाही. पुंगळी मोजली की तो लगेच कळतो. मात्र याच चाळणीतून १० मिलिमीटर ऑटोसारखे चांगले जोरकस काडतूसही गळते, कारण त्याची पुंगळी जेमतेम ०.९९२ इंच.

ऊर्जेची अट तर्काला सर्वांत धरून आहे, पण जागेवर तपासायला सर्वांत अवघड. आयोवात गोळीला नळीच्या तोंडाशी ५०० फूट-पौंड (सुमारे ६७८ जूल) ऊर्जा हवी. नेब्रास्कात ५० यार्डांवर ४००, कोलोरॅडोत त्याच अंतरावर ५५०. उदाहरणादाखल १५८ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळीचे नेहमीचे .३५७ मॅग्नम घेऊ. कारखान्यांच्या तक्त्यांत त्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशी साधारण ५३५ आणि ५० यार्डांवर ४२८ फूट-पौंड दिलेली असते. म्हणजे आयोवा आणि नेब्रास्काच्या अटीत ते बसते, कोलोरॅडोत नापास होते. २४० ग्रेनचे .४४ मॅग्नम ५० यार्डांवर सुमारे ६२३ फूट-पौंड ठेवते, त्यामुळे तिन्हीकडे चालते. रानात गेम वॉर्डनकडे (शिकारीच्या नियमांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) वेग मोजायचे यंत्र नसते; म्हणूनच कोलोरॅडो उत्पादकाने जाहीर केलेला आकडा ग्राह्य धरते.

नळीची लांबी मोजण्यातही गंमत आहे. विस्कॉन्सिनला ५.५ इंच हवेत, पण ते फायरिंग पिनपासून (काडतुसाच्या बुडावर आघात करणाऱ्या खिळीपासून) नळीच्या तोंडापर्यंत मोजायचे. अशा मोजणीत रिव्हॉल्वरचे फिरते सिलिंडरही धरले जाते. त्यामुळे ओहायोत अपुरे ठरणारे चार इंची नळीचे रिव्हॉल्वर विस्कॉन्सिनच्या मापात बसू शकते. त्याच राज्यात .२२ कॅलिबरचे सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणारे) काडतूसही चालते, हे ओहायोच्या शिकाऱ्याला पटणे कठीण. टेक्सास याहून सैल : तिथे हरणासाठी रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसांना बंदी आहे, कॅलिबरची वेगळी अट नाही. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारे) पिस्तूल चालत नाही.

गोळीच्या जातीबद्दल राज्यांचे बऱ्यापैकी एकमत दिसते. लागताच पसरणारी गोळी हवी. संपूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आरपार निघून जाते आणि जखम अरुंद राहते, म्हणून ती अनेक ठिकाणी वर्ज्य आहे. पसरणाऱ्या गोळीचे एक नाव, डमडम, आपल्याकडचे आहे. कोलकात्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात अशा गोळ्या बनल्या आणि १८९९ च्या हेग घोषणापत्राने त्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. जी गोळी सैनिकावर झाडायला मनाई, तीच हरणासाठी सक्तीची, असा हा उलटा प्रकार आहे.

इतर देशांत हा प्रश्न सहसा या रूपात उभाच राहत नाही. जर्मनीच्या शिकार कायद्यात मोठ्या जनावरासाठी रायफलच लागते. पिस्तुलाला परवानगी आहे ती मुख्यतः जखमी जनावराला संपवण्यापुरती, आणि त्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान २०० जूल ऊर्जा पुरते. इंग्लंडमध्ये हरणासाठीच्या रायफलला कॅलिबर आणि ऊर्जेच्या अटी आहेत. पिस्तुलांवर मात्र ब्रिटनने १९९७ मध्ये जवळजवळ सरसकट बंदी घातली. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हाच गुन्हा आहे, मग हत्यार कोणतेही असो.